एक थेंबही नको

माझ्या नवऱ्याला, बोहुशला, ब्रनो शहरातल्या इस्पितळात नेलं, तेव्हा स्ट्रेचरवरूनही त्याने मला बजावलं, "निवडुंगाला पाणी घालू नकोस. एक थेंबही नको." हृदय बंद पडायला आलेलं आणि ह्या माणसाचा जीव अंगणातल्या दगडबागेत अडकलेला! असा राग आला मला.

पण तो निवडुंग त्याने बियापासून वाढवला होता. पहिलं फूल आलं तोवर आमची मुलगी शाळा संपवून बाहेर पडली होती. थंडीआधी हे निवडुंग अंगातलं पाणी टाकतात, सुरकुततात, खडीवर आडवे पडतात. तहानलेले असले तरच हिमात तगतात. मला हे ठाऊक होतं, माझ्या धाकट्या बहिणीला नव्हतं. यार्मिला मदतीला आली आणि मी इस्पितळात असताना तिने झारी घेतली.

"ताई, मरायला टेकला होता गं बिचारा! बघ, कसा टुमटुमीत झालाय."

त्याच आठवड्यात कडाक्याचा गारठा पडला. निवडुंग काढून घरात न्यावा म्हणून खणायला जावं तर जमीन दगडासारखी. पोती टाकली, वर काच ठेवली, काही उपयोग झाला नाही. ऊन आलं तेव्हा निवडुंगाचा पाणचट लगदा झाला होता. बोहुश दुसऱ्या दिवशी घरी यायचा होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याला धक्का बसता कामा नये.

शेजारचा व्लास्तिक बोहुशचा जुना वैरी. दोघांनी एकमेकांना कधी एक बी दिलं नाही. तो कुंपणाशी आला, त्याने लगदा बघितला आणि आपल्या थंड काचघरातला तसलाच निवडुंग घेऊन आला. आम्ही कुंडीसकट दगडांत बसवला, कडेवर खडी पसरली.

"कळेल हो त्याला," मी म्हटलं.

"कळू दे. आधी घरात तर पोहोचू दे."

बोहुश आला तो आक्रसलेला, कोट अंगावर लोंबणारा. घरात न शिरता थेट दगडबागेशी गेला. खूप वेळ बघत राहिला. मी त्याच्या छातीकडे बघत होते.

"माझ्याचे काटे खाली वळलेले होते," तो म्हणाला. "हा व्लास्तिकचा. त्या कंजूषाने दिला?"

"दिला."

"मग माझा मेलाच." त्याने माझा दंड घट्ट धरला. आता पडतो, असंच मला वाटलं. "बियांची डबी आण. पेरून पेटी बाहेर बर्फात ठेवू. थंडी लागल्याशिवाय रुजत नाहीत."

"अरे, फुलायला किती वर्षं लागतात!" तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. मध्येच श्वास घ्यायला थांबला. "म्हणूनच आज."

पेरणी झाली. पेटी बर्फात ठेवायला मी एकटी बाहेर गेले. बाहेर बोचरी थंडी होती, तरी दार उघडंच ठेवलं, आतून त्याचा खोकला ऐकू यावा म्हणून.