स्पेसपोर्टचं प्लंबिंग

उल्हास स्पेसपोर्ट बांधतो आहे, ही बातमी सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या मराठी मंडळींत खुद्द उल्हासनेच पसरवली होती. बातमी खोटी नव्हती, फक्त तिच्यातला खरेपणा फार बारीक होता. आखातातल्या एका गडगंज देशाने वाळवंटात पर्यटकांसाठी अंतराळतळ उभारायचं ठरवलं होतं. हौशी श्रीमंतांनी यायचं, चार दिवस मजेत राहायचं, यानात बसून वर जायचं, पृथ्वी खरोखरच गोल असल्याची खात्री करून घ्यायची आणि खाली उतरून फोटो टाकायचे, अशी एकंदर योजना. तिथल्या प्रवासी इमारतीचं थोडं काम पॅरामॅटातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीला मिळालं होतं. त्या थोड्यातलं थोडं उल्हासच्या वाट्याला आलं होतं, आणि ते होतं संडासांचं.

ऑस्ट्रेलियात नळ, गटारं आणि संडास यांची आखणी करणाऱ्याला हायड्रॉलिक्सचा इंजिनिअर म्हणतात. एवढं भारदस्त नाव आयतं मिळाल्यावर उल्हास ते वाया कसा घालवणार? "स्पेसपोर्टचं हायड्रॉलिक्स माझ्याकडे आहे," असं तो मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर खिरापत तोंडात टाकता टाकता, अगदी सहज म्हणाला. ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात काय काय उभं केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. ते पाडायची उल्हासला काही घाई नव्हती. मंडळाचे ज्येष्ठ सभासद पद्माकरकाका तर गहिवरून म्हणाले, "मराठी माणूस अंतराळात पोचला म्हणायचा!" उल्हासची बायको अंजू शेजारीच उभी होती. परतताना गाडीत ती म्हणाली, "पोचला खरा. पण कमोडवर बसून."

चेष्टा सोडा, एका गोष्टीसाठी उल्हासचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. आराखडा मंजूर झाला की कंपनीचा एक माणूस वर्षभरासाठी तिकडे जाणार होता. इमारतीतलं पाण्याचं सगळं काम डोळ्यांदेखत करून घ्यायचं, साइट लीड म्हणून. उल्हासने अठरा वर्षं पॅरामॅटात टेबलाशी बसून रेघा मारल्या होत्या. शाळांच्या, वृद्धाश्रमांच्या, शॉपिंग सेंटरच्या. त्या रेघांचे पाइप होताना बघायला दर वेळी दुसराच कुणीतरी जायचा. उंच, गोरा आणि आधीच धुळीने माखलेल्या बुटांचा. आता मात्र त्याचा साहेब ग्रॅहम म्हणाला होता, "धिस टाइम इट्स यू, मेट. क्लायंटने हो म्हटलं की झालं."

क्लायंटने हो म्हणण्याआधीच उल्हासने पुण्याला सासूबाईंना कळवलं, भावाला कळवलं, आणि पद्माकरकाकांना कळवलं म्हणजे उरलेल्या सिडनीला कळवलं. हेल्मेट घालून कुठल्या कोनातून फोटो काढायचा तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. मागे यान यायला हवं, संडास येता कामा नयेत.

आता पुढचं सांगायचं तर जरा घरगुती विषयात शिरावं लागेल. उल्हासच्या बाथरूममध्ये टमरेल होतं. लाल प्लॅस्टिकचं, हॅरिस पार्कच्या देशी दुकानातून आणलेलं. आपल्यातल्या बहुतेकांकडे ते असतंच, आणि आपण एकमेकांच्या घरी गेलो की ते बघून मनातून निश्चिंत होतो. पण ऑफिसातलं किंवा शेजारचं कुणी गोरं माणूस घरी यायचं झालं की उल्हास आधी टमरेल लाँड्रीच्या कपाटात कोंबायचा आणि मग बाकीचं घर आवरायला घ्यायचा.

कोविडच्या सुरुवातीला इथल्या दुकानांत टॉयलेट पेपरवरून लोक हमरीतुमरीवर आले. खरं तर आपल्या घरांना त्याची काही झळ नव्हती, निदान एका बाबतीत तरी आपण स्वयंपूर्ण होतो. पण उल्हास रांगेत उभा राहिला. मिळालेलं बोचकं खांद्यावर टाकून, गाडी मुद्दाम कोपऱ्यावर लावून, शेजाऱ्यांना दिसेल असा गल्लीतून चालत आला. त्याची मुलगी स्पृहा तेव्हा शाळकरी होती. ती दारातून ओरडली, "बाबा, वी डोन्ट ईव्हन यूज इट!"

"हळू बोल!" उल्हास दातओठ खात म्हणाला.

तर असा हा माणूस स्पेसपोर्टचे संडास आखत होता. पहिल्या ड्रॉइंगमध्ये त्याने प्रत्येक कमोडशेजारी भिंतीवर जेट काढला. जेट म्हणजे धुण्यासाठी असतो तो छोटा फवारा, नळीला लावलेला. फार विचार करून काढला होता असंही नाही, हात आपोआप तिकडे गेला. ज्या देशासाठी बांधायचं तिथली माणसं पाणीच वापरतात, हे काही त्याला पुस्तकात शोधावं लागणार नव्हतं.

ऑफिसात ड्रॉइंग तपासायची बैठक होती. काचेची खोली, भिंतीवर मोठा पडदा. ग्रॅहम होता, चेन्नईचा कुमार होता, आणि नुकतीच पुण्याहून आलेली चारुता होती. ग्रॅहमने एक संडास वाढवत वाढवत पडदाभर केला आणि निरागसपणे विचारलं, "व्हॉट्स द लिटल होज फॉर, मेट?"

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. पण उल्हासच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य बोललो की ग्रॅहम पुढे विचारणार, कसं वापरतात? आणि सांगितलं की ग्रॅहमच्या डोळ्यांपुढे जे दृश्य उभं राहणार त्यात बसलेला माणूस दुसरा कोण असणार? इतकी वर्षं बार्बेक्यूला जाऊन, कळत नसताना क्रिकेटखेरीज फुटीवर, म्हणजे इथल्या रग्बीवरही मतं देऊन कमावलेली अब्रू त्या एका नळीवाटे वाहून जाणार, असं त्याला वाटलं.

"ओह, दॅट?" तो म्हणाला. "क्लीनर्ससाठी आहे."

"प्रत्येक संडासात?"

"नाही नाही, ते कॉपी करताना सगळीकडे पडलं."

त्याने हळूच कुमारकडे पाहिलं. कुमार लॅपटॉपमध्ये काहीतरी अत्यंत भक्तिभावाने शोधत होता. चारुता कप तोंडाला लावून बसली होती. कपात काही नव्हतं.

"नो वरीज," ग्रॅहम म्हणाला आणि पुढच्या पानावर गेला.

त्याच दिवशी आर्व्होला, म्हणजे दुपारी, उल्हासने सगळे जेट पुसून टाकले. एक तेवढा सफाईच्या सामानाच्या खोलीत ठेवला, बोलल्याला जागायला. चारुता त्याच्या टेबलापाशी आली आणि चाचरत म्हणाली, "दादा, ते जेट तिकडे लागतील ना पण?"

"अगं, त्यात बॅकफ्लोची भानगड असते," उल्हास वडीलधाऱ्या आवाजात म्हणाला. "घाण पाणी उलटं पाइपात शिरलं तर?" भानगड असते हे खरं. ती एका साध्या व्हॉल्व्हने मिटते हेही खरं, आणि असे व्हॉल्व्ह बसवण्यात उल्हासचं निम्मं आयुष्य गेलं होतं. चारुताने मान डोलावली. आपण दोघं काय लपवतोय ते दोघांनाही नीट कळलं आणि विषय संपला.

महिन्याभराने क्लायंटबरोबर व्हिडिओवर बैठक झाली. आपल्याकडे दुपार, त्यांच्याकडे सकाळ. पडद्यावर हुदा नावाची इंजिनिअर होती. प्रवासी इमारतीचं सगळं तिच्या हातात. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक सहकारी. उल्हासने नवा निळा शर्ट घातला होता. हुदाने पाण्याच्या टाक्यांचं कौतुक केलं, सांडपाणी पुन्हा वापरायच्या योजनेचं फारच केलं. ग्रॅहमने टेबलाखालून उल्हासला अंगठा दाखवला. उल्हास मनातल्या मनात बॅग भरू लागला.

मग हुदा संडासांच्या पानावर आली आणि थांबली. "पाणी कुठे आहे?" तिने इंग्रजीत विचारलं.

ग्रॅहम उत्साहाने सांगू लागला. एका फ्लशला किती कमी पाणी लागतं, वाळवंटाचा विचार करून टाकीचा आकार कसा ठरवला, वगैरे.

"फ्लशचं नव्हे," हुदा म्हणाली. "माणसाचं."

ग्रॅहमला काही उमगेना. हुदाने जराही न लाजता समजावून सांगितलं, एखाद्या शिक्षिकेने दात कसे घासावेत हे सांगावं तसं. धुतल्याशिवाय आमचा माणूस नमाजाला उभा राहत नाही, तो अंतराळात कसा जाईल? ग्रॅहमचा चेहरा शिजवलेल्या बिटासारखा झाला, पण तो ऐकत होता आणि लिहूनही घेत होता. लिहून झाल्यावर तो वळला. "उल्हास, आपण याचा विचार केला होता का?"

जुनं ड्रॉइंग उल्हासच्या लॅपटॉपमध्ये होतं. उघडलं असतं तर प्रत्येक भिंतीवर जेट दिसला असता. कुमार आणि चारुता दोघंही आता त्याच्याकडे सरळ बघत होते. पण ते उघडायचं तर मग पुसला का, हेही सांगावं लागणार होतं. उल्हासने घसा खाकरला.

"वी वेअरन्ट अवेअर ऑफ द लोकल प्रेफरन्स," तो म्हणाला. उच्चार इतका अस्सल ऑस्ट्रेलियन निघाला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

हुदा हसली. रागावली अजिबात नाही, आणि तेच वाईट झालं. "यात तुमचा काही दोष नाही," ती म्हणाली. "तुम्ही ऑस्ट्रेलियन लोक. तुमच्याकडे ही पद्धतच नाही, तुम्हाला कसं माहीत असणार? जेट घाला, बाकी आराखडा उत्तम आहे, मी मंजूर करते." उल्हासने सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत ती पुढे म्हणाली, "साइट लीड मात्र आम्ही आमचा नेमू. न सांगता या गोष्टी कळणारा माणूस हवा. पुण्याचे एक इंजिनिअर आमच्या हॉटेलचं काम बघताहेत, त्यांनाच सांगते. इंडियन लोकांना हे बरोबर कळतं."

कुमारला ठसका लागला.

तुम्ही ऑस्ट्रेलियन लोक! अठरा वर्षं उल्हास याच शब्दांची वाट बघत होता. टॅक्सीवाले, शेजारी, बँकेतल्या बाई, सगळे दोन मिनिटांनी विचारायचे, पण मूळचा कुठला? आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला काहीही न विचारता पुरता ऑस्ट्रेलियन मानलं होतं, आणि त्याच दमात त्याची जागा एका पुणेकराला देऊन टाकली होती.

पडदा बंद झाल्यावर ग्रॅहमने त्याच्या पाठीवर थोपटलं. "सॉरी, मेट. आपल्याला कळणार तरी कसं होतं?"

"हो ना," उल्हास म्हणाला. "कसं कळणार."

घरी येऊन त्याने अंजूला सगळं सांगितलं, जेट पुसल्यापासून. अंजू स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. पुसता पुसता तिचं लक्ष गेलं, उल्हास हसत नव्हता. शर्टाची बटणं सोडायची म्हणून हात गळ्याशी नेऊन तो तसाच उभा होता.

"खूप जायचं होतं तुला," ती म्हणाली.

"खूप," तो म्हणाला. "एकदा तरी गं. मी मारलेल्या रेघेतून पाणी येताना बघायचं होतं. संडासाचं का असेना."

अंजूने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "मग सांगायचं ना सरळ, आम्हीही धुतो म्हणून. पहिल्याच दिवशी."

"लाज वाटली."

"कुणाची?"

उल्हासने बोलायला तोंड उघडलं आणि तो मनातल्या मनात एकेकाला समोर आणू लागला. हुदा पाणी वापरणारी. तिच्या दोन्ही बाजूंचे दोघं पाणी वापरणारे. कुमार आपल्यातलाच, चारुता तर पुण्याचीच. सगळ्या स्पेसपोर्टमध्ये एकटा ग्रॅहम उरला, आणि त्या बिचाऱ्याने ही नळी कशाची एवढंच विचारलं होतं.

"अरे सांग ना, कुणाची?" अंजूने पुन्हा विचारलं.