राजदूतची वाटणी

आमच्या आजोबांची राजदूत मोटारसायकल त्यांच्या दोन मुलांनी वाटून घेतली. वाटून म्हणजे खरोखरच वाटून. इंजिन एकाने नेलं आणि चाकांसकट सांगाडा दुसऱ्याने. ऐकणारे पोट धरून हसतात. पाहुण्यांत सांगताना मीही हसते, पण घरात या गोष्टीवर कुणी कधी हसलेलं नाही.

आम्ही मूळचे मेंढ्यांमागे फिरणारे. आता मुडबी गावात शेती आहे, मेंढ्या नावापुरत्या उरल्यात, पण वाटणीची रीत जुनीच. दोन घोंगडी शेजारी शेजारी अंथरायची. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. त्यामुळे थोरल्याला लबाडी करता येत नाही, केली तर ती त्याच्याच गळ्यात पडते. कळप वाटताना आणखी एक पाळायचं. पिणारं कोकरू मेंढीपासून तोडायचं नाही, ती दोघं एकाच वाट्यात जायची. शेत, बैल, भांडी, सगळं या रीतीने सुरळीत पार पडलं आणि शेवटी राहिली राजदूत.

थोरले लिंबाजी, म्हणजे माझे मोठे अप्पा. धाकटे माउली, म्हणजे माझे वडील, अप्पा. दोघांची बांधावरून आधीच धुसफूस चालली होती. मोठे अप्पा उठले, पान्हा घेतला, बोल्ट सोडले आणि इंजिन एका घोंगड्यावर ठेवलं, उरलेली गाडी दुसऱ्यावर. म्हणाले, "उचल." अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि इंजिन उचललं. माझी आजी, सुगंधाबाई, दारात उभी होती. ती म्हणाली, "लेकरू तोडलाव रं मेंढीपासनं." तिचं कोण ऐकणार. मोठे अप्पा सांगाडा टेम्पोत घालून सासुरवाडीला, निंबर्ग्याला राहायला गेले. तेव्हापासून दोन घरांत येणं-जाणं नाही, सणावाराचं बोलणं नाही.

अप्पांनी ते इंजिन कडबा कापायच्या यंत्राला जोडलं. गाडी पळते तेव्हा इंजिनाला वारा लागतो आणि ते थंड राहतं. गोठ्यात एका जागी उभ्या इंजिनाला कुठला वारा? ते तापलं, पिस्टन आतल्या आत चिकटला आणि पिस्टनला जोडून फिरणारा क्रँकही गेला. मग ते लोखंड पोत्याखाली पडून राहिलं. अप्पा गोठ्यात शिरताना त्या कोपऱ्याकडे बघायचे नाहीत, हे मला लहानपणीच कळलं होतं.

लग्न होऊन मी हुमनाबादला आले. माझा नवरा अनिलकुमार याचं हायवेला लागून गॅरेज आहे, मागे आमच्या खोल्या. हळूहळू इंजिन उघडायचं काम माझ्याकडे आलं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं त्याच्याकडे राहिलं. माझ्या जिभेचा आणि गोडीचा संबंध नाही, हे आख्ख्या हुमनाबादला ठाऊक आहे.

या थंडीत अप्पांच्या छातीचं दुखणं वाढलं. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि घरी न्या म्हणाले. काय ते मी समजले. आई गेल्यापासून अप्पा मुडबीत एकटेच होते, म्हणून त्यांना माझ्याकडे आणलं. गाडीत बसताना ते म्हणाले, "गोठ्यातलं इंजिन पण घे."

"कामून? भंगार हाय ते."

"बाची गाडी हाय. मी मोडली. नीट करून अण्णाच्या हातात द्यायचीय. त्याबिगर त्याला तोंड कसं दाखवू?"

म्हणजे त्यांना भावाला भेटायचं होतं. सरळ तसं म्हणाले असते तर मी त्याच पावली गाडी निंबर्ग्याकडे वळवली असती. पण आमच्या घरात सरळ बोलायची पद्धत कुठे आहे?

गॅरेजच्या दारात त्यांची बाज टाकली. मी इंजिन उघडायचे आणि ते पडल्या पडल्या बघायचे. दम लागलेला असायचा, तरी चुका काढायला तो पुरायचा. "रेणू, कामून एवढा जोर लावायलीस? तुझ्या नवऱ्याचा कान हाय का तो?" अनिलकुमार हसायचा. मी चिडायचे आणि मग आत जाऊन उगाच भांडी वाजवायचे, कारण त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

जुन्या गाडीला नवं सामान मिळत नाही. एक मेलेली गाडी उघडायची आणि दुसरीला जगवायची, असाच हा धंदा. गुरुलिंगच्या भंगारात एका दूधवाल्याची राजदूत पडली होती, तिचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो भाग, चांगला निघाला. लेथवर त्याला आतून घासून घेतलं. त्या मापाचा पिस्टन बसवकल्याणच्या एका जुन्या दुकानात माळ्यावर सापडला, कागदात गुंडाळलेला. किकचा दांडा ज्या गाडीचा काढला तिच्या सीटखाली कोंबडी उबवणीला बसली होती. ती मला चोचीने टोचत राहिली आणि मी तिला शिव्या देत राहिले. सगळं जमलं, क्रँक तेवढा मिळेना.

पुन्हा गुरुलिंगकडे गेले. तो म्हणाला, "होता अक्का माझ्याकडं एक. निंबर्ग्याचा म्हातारा घेऊन गेला. फक्त राजदूतचंच सामान नेतो तो. तुझ्या ब्लॉकवर पण त्याचा डोळा होता, तू आधी आलीस."

"नाव काय त्याचं?"

"लिंबाजी."

मी भंगाराच्या ढिगावर तशीच बसले. घरी अप्पांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी अनिलकुमारला घेऊन निंबर्गा गाठलं.

ओसरीत सांगाडा उभा होता. टाकी पुसलेली, चाकांत हवा, साखळीला ऑइल, आणि मधे इंजिनाच्या जागी नुसतं भोक. खाली पोत्यावर दुसऱ्या एका इंजिनाचं खोकं आणि त्यात बसवलेला क्रँक. मोठे अप्पा बोटांनी चाचपून गिअरचे दात मोजत होते. डोळ्यांनी त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं.

मोठ्या अप्पांच्या बायकोने, जगदेवी मोठ्या आईने, मला ओळखलं. "माउलीची रेणू आलीया," म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसून आली.

मोठ्या अप्पांनी हात थांबवला. "कामून आलीस?"

मी क्रँकचं सांगितलं. अप्पांच्या छातीचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. ते हातातला गिअर फिरवत राहिले.

"मोकळा सांगाडा बघवंना झाला," ते म्हणाले. "त्याच्याकडं इंजिन मागायला तोंड न्हवतं. वाटे मीच पाडलेते. म्हणून दुसरं जोडायलोय. दूधवाल्याचा ब्लॉक तूच नेलीस व्हय?"

"व्हय. क्रँक देताव का?"

"देत न्हाई."

माझं डोकं फिरलं. "तुमचा भाऊ मरायला टेकलाय, आन तुमी लोखंड कवटाळून बसलाव?" अनिलकुमारने माझा दंड धरला. मोठे अप्पा रागावले नाहीत.

"माउलीला आण. इंजिन आण. तो वाटा चुकलाय, तो नीट पाडायचाय. माणूस म्होरं नसताना वाटा पडत न्हाई."

परत आल्यावर अप्पांना सगळं सांगितलं. त्यांचं एकच, "चालू झाल्याबिगर कसं जाऊ? मोडकं घेऊन?"

तेव्हा मी जे कधी बोलले नव्हते ते बोलले. "अप्पा, इंजिन चालू हुईल. तुमचं काय? मला भ्या वाटायलंय. मला तुमचं इंजिन नको, मला तुमी पाहिजेत, आन तुमाला तुमचा अण्णा पाहिजे. आता तरी सरळ बोला की."

ते माझ्याकडे कुशीवर वळले. मग विचारलं, "सोता जोडायलाय अण्णा?"

"व्हय. दिसत न्हाई त्यांना. हातानं चाचपून जोडायलेत."

"माझा पटका दे," अप्पा म्हणाले.

टेम्पोत गादी टाकून त्यांना नेलं. पायाशी सुटं केलेलं इंजिन. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते इंजिनावर हात ठेवत होते, आणि मी त्यांच्या पाठीवर.

दोन भाऊ ओसरीत समोरासमोर बसले आणि एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. सगळं बोलणं माझ्यातून.

"त्याला सांग, बेअरिंगला आधी ऑइल लागतंय."

"त्याला सांग, मला ठाव हाय."

"ठाव असतं तर गोठ्यात इंजिन जळलं नसतं, म्हणाव."

"आन इंजिन काढलं कुणी, इचार त्याला."

शेवटी मी पान्हा आपटला. "मी काय पोस्टमन हाय का?" जगदेवी मोठी आई तोंडाला पदर लावून हसली आणि दोन्ही म्हातारे गप्प झाले. त्यानंतरचं काम शांततेत झालं. मोठ्या अप्पांचा क्रँक आमच्या इंजिनात बसला, त्यावर दूधवाल्याचा ब्लॉक, आणि इंजिन सांगाड्यात. आजोबांच्या वेळचे बोल्ट मोठ्या अप्पांनी डब्यात जपून ठेवले होते. ते त्यांच्या त्यांच्या भोकांत सरळ गेले.

मी किक मारायला पाय उचलला तर मोठे अप्पा म्हणाले, "थांब." आत जाऊन ते दोन घोंगडी घेऊन आले. अंगणात शेजारी शेजारी अंथरली. अनिलकुमारला गाडी एका घोंगड्यावर उभी करायला लावली. दुसरं तसंच रिकामं ठेवलं.

"वाटे पडले," ते म्हणाले. या खेपेला माझ्याशी नव्हे, सरळ अप्पांशी. "धाकट्यानं आधी उचलायचं."

मोठ्या अप्पांनी वाकून रिकाम्या घोंगड्याची सुरकुती हाताने सारखी केली.

"त्या दिवशी मला वाटलं, तू म्हणशील, अण्णा, गाडी तोडू नको. म्हणून तसे वाटे पाडले. तू म्हणलाच न्हाईस."

"मला वाटलं, तू पान्हा खाली ठिवशील," अप्पा म्हणाले. "मी तुझ्याकडं बघितलं बी. तू ठिवलाच न्हाईस."

ते भिंतीला धरून उठले. मी पुढे झाले तर हाताने मला मागे सारलं. अंगण ओलांडून, गाडीला वळसा घालून ते रिकाम्या घोंगड्यावर जाऊन बसले. दम परत यायला वेळ लागला.

"ह्यो माझा."

"त्यात काय न्हाई, माउली."

अप्पा बाजूला सरकले आणि शेजारी हात थोपटला. "जागा हाय की. बस."

मोठे अप्पा चाचपडत आले आणि बसले. दोघांचे गुडघे एकमेकांना टेकले. अप्पांनी त्यांचा हात धरला, की त्यांनी अप्पांचा, ते मला दिसलं नाही, कारण तोवर मला नीट काही दिसतच नव्हतं.

मी किक मारली. पहिल्यांदा नुसता खोकला, दुसऱ्यांदा धूर, आणि मग गाडी सुरू झाली. अंगणभर निळा धूर झाला, गल्लीतली माणसं गोळा झाली. अप्पा मान तिरकी करून ऐकत होते. जरा वेळाने हात हलवून म्हणाले, "उभी ठिऊ नको गं, तापंल. वाऱ्यावर ने."

मी गाडी घेऊन तुरीच्या शेतांमधल्या रस्त्याला लागले. कुणी बघणारं नव्हतं, तेव्हा मोठ्याने रडून घेतलं. परत आले तर दोघं तिथंच बसलेले होते, आणि अप्पा काहीतरी सांगत होते ते मोठे अप्पा कान जवळ नेऊन ऐकत होते.

अप्पा हुमनाबादला परत आले नाहीत. मी न्यायला गेले की म्हणायचे, राहू दे, आज अण्णाला जरा बरं न्हाई. अण्णा ठणठणीत होते. शेवटचा श्वास अप्पांनी त्याच ओसरीत घेतला, थोरल्या भावाच्या मांडीवर डोकं ठेवून.

आमच्यात माणसाला पुरतात. भावकीतल्या कुणीतरी नवं पांढरं कापड आणलं. मोठे अप्पा घरात गेले आणि त्या दिवशी अप्पा ज्यावर बसले होते ते घोंगडं घेऊन बाहेर आले. चांगल्या लोकरीचं घोंगडं मातीत कशाला, असं कुणीतरी म्हणालं.

"त्यानं उचललेला वाटा हाय," मोठे अप्पा म्हणाले. "मी ठिऊन घेतला तर ती लबाडी हुईल."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, चाचपून चाचपून, ते भावाच्या अंगावर नीट पांघरलं.