ताईंच्या नावाची ओळ

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी ओळ आहे. इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारे एक यंत्र असते. त्याच्या प्रोग्राममध्ये माझे सारे आयुष्य गेले. माझे मूळ रूप एवढेच: यंत्र.तापव(१२१, २०).

मला लिहिणाऱ्या ताई शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मला दाखवून सांगत: ज्याला हाक मारायची तो रिसीव्हर, म्हणजे यंत्र. सांगितलेले काम ती मेथड, म्हणजे तापव. कंसात पाठवतो ती आर्ग्युमेंट, एकशेएकवीस अंश आणि वीस मिनिटे. आणि मेथड जिथे लिहिली आहे तिथे ती झेलायला ठेवलेल्या जागा, त्या पॅरामीटर. लोक पाठीमागे हसत. ताईंच्याच हाताखाली कामाला असलेला साहेबांचा भाचा तर सगळ्यालाच 'ते कंसातलं' म्हणे.

नऊ वर्षे मी इमानेइतबारे राबले. मग एके दिवशी भाच्याने तिकडे मेथडमध्ये आधी मिनिटे आणि मग अंश असा क्रम फिरवला. तसे त्याला बरे दिसले म्हणे! मला कोण विचारतो? दोन्ही शेवटी आकडेच, त्यामुळे संगणकानेही हूं की चूं केले नाही. यंत्र वीस अंशांवर एकशेएकवीस मिनिटे नुसते बसून राहिले. हत्यारांच्या पेटीवरची पट्टी तापल्यावर काळी पडते, ती पांढरीच दिसली म्हणून सिस्टरनी हत्यारे अडवली. नाहीतर त्या दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या बाईच्या जिवावर बेतले असते.

चौकशी झाली. साहेबांनी मला उघडले आणि माझ्या डोक्यावर, ओळ कुणी लिहिली ते टिपून ठेवतात तिथले, ताईंचे नाव वाचले.

ताई शांतपणे म्हणाल्या, "माझी आर्ग्युमेंट बरोबर आहेत. पॅरामीटरचा क्रम कुणी बदलला, तेवढं बघा."

"दोन्ही कंसातलंच ना? शब्दांचे खेळ पुरे झाले," साहेब म्हणाले.

भाचा खाली मान घालून बसला होता. त्याच आठवड्यात ताईंना घरी बसवले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

मित्रांनो, ज्याला जे म्हणतात ते नीट शिका, नाहीतर दोष भलत्याच्याच गळ्यात पडतो. पुढे भाच्याने माझे आकडे उलटे केले, यंत्र पुन्हा तापू लागले आणि त्याला शाबासकी मिळाली. आता माझ्या डोक्यावर त्याने लिहिले आहे: 'चूक ताईंची, दुरुस्ती माझी.' मला ते पुसता येत नाही. रोज सकाळी सिस्टर कळ दाबतात आणि ते खोटे डोक्यावर घेऊनच मी कामाला लागते.