पाच टक्क्यांतली पुतणी

प्राध्यापक भागवतरावांनी जालना जिल्ह्यातले बालविवाह बंद करायचे ठरवले, तेव्हा त्यांच्यापुढे एकच अडचण होती. असली लग्नं करणारी माणसं त्यांच्या ओळखीत नव्हती. निदान त्यांचा तसा समज होता. मग त्यांनी ती माणसं संगणकात शोधली.

ते जालना शहरातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. वर्गातली निम्मी मुलं झोपलेली असत आणि उरलेली झोपायच्या तयारीत. अशा शांततेत दोन वर्षं खपून त्यांनी एक मॉडेल तयार केलं. मुलीचं वय, शाळेतली हजेरी, आईबापाचं शिक्षण, घर पत्र्याचं की स्लॅबचं, कुटुंब ऊसतोडीला जातं का, हे सगळं त्यात घातलं की अमुक मुलीचं लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता किती, ते मॉडेल सांगे. शक्यता जास्त असेल ते घर नकाशावर लाल, मधलं पिवळं आणि काळजीच नसेल ते हिरवं. लाल घरांवर ग्रामसेवकाने आणि अंगणवाडीताईने लक्ष ठेवायचं, आणि त्यासाठी भागवतरावांनी त्यांना प्रशिक्षण द्यायचं. जिल्हा परिषदेच्या सभेत टाळ्या झाल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. प्रभावतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नारळाची चटणी केली.

लाल घरं कुणाची निघाली हे सांगायला संगणकाची गरज नव्हती. ज्यांच्या दारात आजवर जो तो येऊन शहाणपण शिकवून जात होता, त्यांच्याच दारात आता लोक नकाशा घेऊन येऊ लागले. हिरव्या घरांकडे कोण कशाला फिरकणार?

हिरव्या घरांत हसनाबादचं कारभारींचं घर तर नमुनेदार होतं. कारभारी म्हणजे भागवतरावांचे थोरले भाऊ. बी.ए. झालेले, बागायती शेती, दोन मजली घर, दारात ट्रॅक्टर, आणि मुलगी साक्षी अकरावी सायन्सला. मॉडेलच्या मते या घरात बालविवाह होणं जवळजवळ अशक्य होतं. शिक्षणाचा परिणाम काय होतो ते समजावताना भागवतराव हेच घर पडद्यावर दाखवत. नाव तेवढं सांगत नसत.

त्याच घरून एक दिवस फोन आला की साक्षीचं जमलं.

साक्षीचं सोळावं पूर्ण झालं होतं, सतरावं नव्हतं. मुलगा तीर्थपुरीचा, खतांचं दुकान, एकुलता एक. कारभारींचं म्हणणं असं की असं स्थळ पुन्हा चालून येत नाही, आणि जमाना असा आहे की पोरगी शहरात शिकायला ठेवली की आईबापाची झोप गेलीच. गवगवा करायचा नव्हता. लोकांना साखरपुडा म्हणून बोलवायचं आणि त्यातच अक्षता टाकून मोकळं व्हायचं, हल्ली तशीच पद्धत आहे. भागवतने मात्र पुढच्या सोफ्यावर बसायचं. घरातला शिकलेला माणूस पुढे दिसला की पाहुण्यांवर वजन पडतं.

भागवतराव ‘बरं दादा’ म्हणाले. हे दोन शब्द ते लहानपणापासून म्हणत आले होते आणि त्यांना ते फार छान जमत.

बस्ता बांधायला सगळे जालन्याला आले. साक्षीची आई द्वारकाबाई आणि प्रभावतीबाई कपड्यांच्या दुकानात गेल्या. साक्षी डोकं दुखतं म्हणून घरीच थांबली आणि काकांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. संगणकावर नकाशा उघडाच होता, कोपऱ्यात बालविवाह कळवायच्या हेल्पलाइनचा नंबर. तिने आपलं गाव शोधलं, मग आपलं घर.

“काका, आपलं घर हिरवं कामून हाय?”

इतका चांगला प्रश्न त्यांच्या वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनी खुशीत येऊन सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“पण मह्यं तर लगीन करून राह्यले.”

भागवतरावांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सांगितलं की कोणतंही मॉडेल शंभर टक्के बरोबर नसतं, पाच टक्के चूक आधीच धरलेली असते, आणि दुर्दैवाने ती त्या पाच टक्क्यांत आली. हे सांगताना त्यांना तिच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. मॉडेलबद्दल मात्र वाटलं नाही, कारण पाच टक्के म्हणजे काही फार नव्हते.

मला नर्सिंगला जायचंय, अप्पांशी बोला, असं ती म्हणाली. त्यावर तिच्या अप्पांनी, म्हणजे दादांनी, आपल्याला कसं शिकवलं, त्यांच्या शब्दाबाहेर आपण कसे कधी गेलो नाही, हे त्यांनी तिला ऐकवलं.

“मंग मला लाल करा. लाल घरी चौकशीला येतेत ना?”

आकडे हाताने बदलणं ही विज्ञानाशी बेइमानी आहे, असं काकांनी तिला सांगितलं. तसली बेइमानी त्यांनी जन्मात केली नव्हती. त्यांनी तिला पाणी दिलं आणि पंखा मोठा केला. एवढं करून आपण पोरीला धीर दिला असं त्यांना वाटलं.

साखरपुड्याच्या दिवशी ते डोक्याला फेटा बांधून, नवऱ्या मुलाच्या वडिलांशेजारी सोफ्यावर बसले होते. पाऊसपाणी, कापसाचा भाव, जावयाचं दुकान अशा गप्पा रंगल्या होत्या. तेवढ्यात मंडपाबाहेर जीप थांबली. गावचा ग्रामसेवक संघपाल आणि एक महिला पोलीस आत आले. संघपाल भागवतरावांच्या प्रशिक्षणात पहिल्या बाकावर बसलेला आणि शब्दन् शब्द लिहून घेतलेला माणूस होता. सरांना पाहून तो जागीच थबकला.

“सर, तुम्ही हितं?”

भागवतरावांनी फेटा चाचपला. उत्तर संघपालनेच शोधून काढलं.

“म्हंजे हेल्पलाइनला फोन तुमचाच, सर. हे घर तर हिरवं होतं, आमच्या ध्यानात कसं आलं असतं? सख्ख्या भावाचं घर, तरी तुम्ही कळवलं.” आणि त्याने हात जोडले.

बालविवाहाला हजर राहणाराही गुन्हेगार ठरतो, हे भागवतराव दर प्रशिक्षणात घनगंभीर आवाजात वाचून दाखवत. आता ते वाक्य फेटा बांधून त्यांच्याच समोर उभं होतं. त्यांनी पाटावर बसलेल्या साक्षीकडे पाहिलं. हळदीच्या अंगाने ती खाली मान घालून बसली होती, आणि फोन कुणी केला ते त्यांना त्या क्षणी कळलं. पण पोरीचा विचार करायला सवड नव्हती. आधी नोकरी वाचवायची होती.

“हो,” ते म्हणाले. “मीच कळवलं.”

इतकं शौर्य त्या घराण्यात पूर्वी कुणी दाखवलं नव्हतं.

पुढचं भराभर झालं. पाहुणे न जेवता गाड्यांत बसून निघून गेले. मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही, असं कारभारींनी लिहून दिलं. संघपाल जीपकडे गेल्यावर कारभारींनी धाकट्या भावाला दंडाला धरून धान्याच्या खोलीत नेलं. दार उघडंच राहिलं होतं. बाहेर ओसरीवर साक्षी खांबाला टेकून उभी होती आणि तिला आतलं सगळं ऐकू येत होतं.

कारभारी ओरडले नाहीत. “तू न्हाई केला फोन,” ते म्हणाले. “तुह्यात एवढा दम असता तर मला कवाच कळलं असतं. पोरीनं केला. तू नुसतं हो म्हण, बस. तुला मी काहीच म्हणणार न्हाई.”

अपमान होता, पण हिशेब बिनचूक होता. भावाइतकं अचूक त्यांना कोणत्याच मॉडेलने ओळखलं नसतं. नुसती मान हलवायची होती. भाऊ परत मिळाला असता, दिवाळीचं येणंजाणं राहिलं असतं, आणि खोटं बोलल्याचं पापही फिटलं असतं. पण मान हलवल्यावर त्या पोरीचं काय होणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यात शक्यता वगैरे काही नव्हती. त्यांना दादांची भीती वाटत होती, पाच वर्षांच्या पोराला वाटावी तशी, आणि आयुष्यभर ती वाटत आल्याची त्यांना लाज वाटली.

“मीच केला, दादा.”

“मह्याकडं बघून सांग.”

“मीच केला. परत लग्न ठरवलं तर परत करीन.”

कारभारींनी त्यांचा दंड सोडला. मग म्हणाले, “आजपासून तू मला मेला.”

भागवतराव मंडपातून गाडीकडे निघाले. दोन्ही बाजूंना उभे असलेले भाऊबंद त्यांना ऐकू जाईल अशा बेताने शिव्या देत होते. द्वारकाबाईंनी तोंड फिरवलं. ज्यांना लहानपणी त्यांनी खांद्यावर घेतलं होतं, ती पोरंही त्यांच्याकडे बघून थुंकली. साक्षी ओसरीवर तशीच उभी होती, आणि तिला कुणी काही बोलत नव्हतं.