ग्लीचा पुरावा

“हा शब्द शेवटचा कोणी उच्चारला, काका?” संपादकबाईंनी चिठ्ठी दिव्याकडे धरून विचारलं. शब्दाची नाडी लागत नसावी असा त्यांचा चेहरा झाला होता.

“एका गृहिणीने,” चिठ्ठीकाका म्हणाले. “तीस वर्षांपूर्वी.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर सामसूम.”

कोश कार्यालयाचं काम साधं होतं: इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचा अर्थ आपल्या भाषेत द्यायचा. पण पहिल्या संपादकांनी एक नियम घालून ठेवला होता. शब्द कुणीतरी खरोखर वापरलेला हवा, तोही आपसूक, आणि ऐकणाऱ्याने तो चिठ्ठीवर लिहून आणलेला हवा. कोण बोललं, कुठे, कधी. काका चौतीस वर्षं या चिठ्ठ्या सांभाळत होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते महिनाअखेर तिथूनही निघणार होतं.

नवी आवृत्ती सडपातळ निघायची होती. पंचवीस वर्षांत पुरावा नाही त्या शब्दावर फुली मारून तो पुस्तकाबाहेर काढायचा, असं ठरलं होतं. ‘जी’च्या खणात ‘ग्ली’पाशी, म्हणजे उसळत्या आनंदापाशी, येऊन बाई थांबल्या होत्या.

“चिवट आहे हो हा,” काका म्हणाले. एरवी ते शब्दांची वकिली करत नसत. “जुन्या इंग्रजीत गाणं-बजावणं, खेळ, चेष्टामस्करी, सगळं मिळून ग्ली. मग दोनेकशे वर्षं तो कुणाच्या तोंडी फारसा राहिलाच नाही. गेला गेला म्हणता उठून बसला. तिघांनी किंवा जास्त जणांनी वाद्यांशिवाय म्हणायचं एक गाणं असायचं, त्यालाही ग्लीच म्हणत.”

“आणि एकट्याने म्हटलं तर?”

“तर नुसतं गाणं.”

बाई हसल्या. “इतिहास सुरेख आहे. पुरावा गुरुवारपर्यंत आणा. ताजा, स्वतःच्या कानाने ऐकलेला. नाहीतर फुली.”

चिठ्ठीवरचं वाक्य होतं, ‘देअर इज ग्ली इन अवर किचन.’ दोन आवृत्त्यांत ते उदाहरण म्हणून छापलं गेलं होतं. ते पाठ करून शाळांतल्या दोन पिढ्यांनी भाषांतराचे गुण मिळवले. पण कोशातून उचललेलं वाक्य कोशाला पुरावा म्हणून चालत नाही. आपल्याच सहीने आपलीच ओळख पटवण्यासारखं ते. आणि ती गृहिणी काकांची बायको होती, हे कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती कुठे छापून आली असेल तर ती त्या एका ओळीत.

मंगळवारी काका खिशात कोऱ्या चिठ्ठ्या घालून आनंद शोधायला निघाले. माणसं हसतात अशा जागांची त्यांनी यादी केली. ती चार ओळींतच आटोपली.

केशकर्तनालयात ‘फन’ मिळाला. बागेतल्या बाकावर ‘हॅपी’ मिळाला, तोही फोनवर, कुणाला तरी खोटं सांगताना. ‘एन्जॉय’ तर रस्त्यावर पडला होता. दोन दिवसांत त्याचे सतरा पुरावे जमले. त्यातला एक दातांच्या दवाखान्यातला: दाढ काढून झाल्यावर डॉक्टर रुग्णाला म्हणाले, “आता दोन दिवस पातळ काहीतरी घ्या, एन्जॉय.” ग्ली मात्र कुणाच्या तोंडात नव्हती.

बुधवारी संध्याकाळी आक्का आली. काकांची ही थोरली बहीण आठवड्यातून एकदा भाऊ जिवंत आहे का ते बघून जात असे आणि ते तसं सांगतही असे.

“एवढंसं तोंड करून का बसलायस?”

काकांनी सांगितलं.

“हात्तिच्या! मग लिही की माझं नाव. ग्ली, ग्ली, ग्ली. झालं?”

“सांगून म्हटलेलं चालत नाही, आक्का. आपसूक यायला हवं.”

“आपसूक! आपल्या वयात आपसूक येतो तो खोकला.” तिने चहाचा कप खाली ठेवला. “आणि तुझी बायको काय आपसूक म्हणाली होती?”

“म्हणजे काय? पिठाचा डबा अंगावर पडला, आपण तिघं पांढरेफटक झालो आणि तिच्या तोंडून—”

“अरे खुळ्या, डबे काय आपले आपण पडतात? आठ महिने त्या शब्दाची कोरी चिठ्ठी खिशात घेऊन तू सुतकी चेहऱ्याने फिरत होतास. ती मला म्हणाली, वन्सं, आज यांना एकदाचं हसवते आणि ते वाक्यही देऊन टाकते. सकाळपासून घोकत होती बिचारी. ‘किचन’च्या आधी ‘अवर’ घालायचं की नको, मला विचारत होती. मला! मी इंग्रजीत तीनदा नापास!”

आक्का गेली. काका स्वयंपाकघरात गेले. डबा अजून वरच्या फळीवरच होता. त्यांनी फळीची उंची पाहिली, मग हाताने हवेत बायकोची उंची मापली. वीतभर कमी पडत होती. म्हणजे ती स्टुलावर चढली असणार. डबा कडेला सरकवला असणार, झाकण सैल केलं असणार, मग उतरून, स्टूल जागेवर ठेवून, त्यांना हाक मारली असणार. “अहो, जरा इकडे या.”

हाक त्यांना आठवली. स्टुलाचा तेवढा कधी विचार केला नव्हता.

गुरुवारी संपादकबाईंनी ‘एन्जॉय’ची चळत बाजूला सारली. “ग्ली नाहीच?”

“नाही.”

बाईंनी चिठ्ठी उलटसुलट केली. “दोन ओळींचा तर प्रश्न आहे. तुमची निवृत्तीची भेट समजा. राहू दे शब्द.”

काकांना वाटलं, हो म्हणावं. चौतीस वर्षांत त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. पंख्याची दिशासुद्धा नाही. पण कालपासून एक गोष्ट बदलली होती. इतकी वर्षं जे वाक्य सगळ्या शाळांचं होतं, ते अचानक त्यांच्या एकट्याचं निघालं होतं.

“नको, बाई. जुना पुरावाही बाद धरा. तो ठरवून दिलेला होता.”

“कोणासाठी?”

“ऐकणाऱ्यासाठी.”

ऐकणाऱ्याच्या रकान्यात काकांचीच आद्याक्षरं होती. बाईंनी ती वाचली आणि चष्मा काढला. “काका, ही गृहिणी...”

“कोशात नावं घालत नाहीत,” काका म्हणाले आणि पट्टी पुढे ओढली.

फुली त्यांनी स्वतः मारली. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या.

मेलेल्या शब्दांचा खण कोपऱ्यात, खालून पहिला. तिथली चिठ्ठी फेकत नसत. उलट प्रत्येक चिठ्ठीमागे एक कोरी चिठ्ठी ठेवायची पद्धत होती. शब्द परत आलाच तर त्याची पंचाईत नको. कोऱ्या चिठ्ठीवर एवढंच छापलेलं असे: ‘हा शब्द कुणी ऐकल्यास कळवावे,’ आणि खाली कार्यालयाचा फोन नंबर.

काकांनी ग्ली आत ठेवली. मागची कोरी चिठ्ठी ठेवता ठेवता ते थांबले. कार्यालयाच्या नंबरवर त्यांनी बारीक रेघ ओढली आणि शेजारी घरचा नंबर लिहिला. खण लावला. मग पुन्हा उघडून नंबराखाली आणखी एक ओळ घातली.

‘वेळ: केव्हाही.’