गोदामाची जाळी

युक्ती माझी होती, हे आधीच सांगते, म्हणजे उगाच पप्पाजींना कोणी बोल लावायला नको. पप्पाजी म्हणजे माझे सासरे, लालचंदजी. जळगावात खाली आमचं तूरडाळीचं गोदाम, वर आम्ही राहतो, आणि गोदामाच्या झरोक्यांत वटवाघळं. लहानशी, उंदराएवढी. त्यांची घाण पोत्यांवर पडायची आणि वास थेट माझ्या खोलीत, बाळाच्या पाळण्यापर्यंत यायचा. मी बाळंतपणाच्या रजेवर. दिवसभर तो वास नाकात घेऊन बसायचं म्हणजे डोकं फिरायचं.

हमाल म्हणाले, धूर करा, जातील. पप्पाजींनी कानावर हात ठेवले. आम्ही जैन, त्यात पर्युषणाचं आठ दिवसांचं व्रत तोंडावर आलेलं. पप्पाजी खाली बसायच्या आधीसुद्धा पूंजणीने, म्हणजे त्या मऊ लोकरीच्या कुंच्याने, जागा झाडून घेतात. मुंगी चिरडायला नको.

तेव्हा मी शहाणी मध्ये बोलले. "पप्पाजी, दिवेलागणीला ती सगळी बाहेर पडतात. गेली की जाळी ठोकून टाकायची. कोणी मरणार नाही."

"बघा, शिकलेली सून," ते सासूबाईंना म्हणाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पर्युषणाच्या आदल्या संध्याकाळी चुडामण मिस्त्री शिडी घेऊन आला. थवा निघाला, आभाळात पांगला. चुडामणने बॅटरी मारून आत बघितलं. "बठ्ठा उडी गयात, ताई. मझार एक बी नही शे." आत एकही उरलं नाही म्हणाला आणि त्याने जाळी ठोकली.

सकाळी बाळाला पाजायला घेतलं, तर खालून बारीक आवाज येत होता. चिक चिक, चिक चिक. उंदीर असतील म्हणून दुर्लक्ष केलं. मग गॅलरीत गेले आणि खाली पाहिलं. चांगलं ऊन पडलेलं, आणि जाळीला बाहेरून वटवाघळं चिकटलेली. घार फिरत होती, तरी हलत नव्हती. एक अगदी माझ्या हाताखाली एका नखाने लोंबत होतं, पोट बाहेर. छातीवर दोन बारीक स्तनाग्रं, भोवतीचे केस ओले.

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

अहो, मी सातवीला विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर लिहिते: सस्तन प्राणी. अंगावर केस, गरम रक्त, पिलांना आईचं दूध. देवमासा पाण्यात राहतो, उंट वाळवंटात, वटवाघूळ हवेत उडतं, पण दूध सगळ्यांचं सारखं. परीक्षेत हमखास विचारते, वटवाघूळ पक्षी का नाही? पोरं बरोबर उत्तर लिहितात. आणि ती बाई स्वतः काय करते? घरटं नाही, अंडी नाहीत, म्हणजे आत कोणी नाही, असं धरून चालते. स्वतःच्या अंगावर पोर असताना.

पप्पाजी नुकतेच स्थानकातून, म्हणजे आमच्या साधूंच्या उपाश्रयातून, व्याख्यान ऐकून आले होते, प्रसन्न चेहऱ्याने. "सगळ्यांना आपली युक्ती सांगितली," म्हणाले. मी पिलांचं सांगितल्यावर ते भिंतीला टेकले.

"चुडामणला बोलावतो."

"चुडामण पाचोऱ्याला गेलाय. त्याची शिडी इथंच आहे, धरा."

मी पक्कड घेऊन चढले आणि जाळी ओरबाडून काढली. बोटं कापली, कापू देत. जाळी सुटता सुटता आया माझ्या हातावरून आत सरपटल्या. अंग त्यांचं गरम होतं, माझ्या बाळासारखं. वर कुठेतरी चिकचिक वाढली, मग एकेक करून थांबली, म्हणजे त्या पिलांना दूध मिळालं असणार.

सगळ्यांना नाही मिळालं. काही पिलं रात्रीत भुकेने निसटून पोत्यांवर पडली होती. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली. पप्पाजींनी खिशातून पूंजणी काढली आणि एकाला हळूच बाजूला सारू लागले, जसं जिवंत किड्याला सारतात. ते हललं नाही. पप्पाजी पुन्हा पुन्हा सारत राहिले.

"कोणाला सांगू नको, विधी," ते शेवटी म्हणाले. मी मान हलवली. त्यांची लाज राखायची म्हणून म्हणा, पण खरं तर माझी. पुढे रोज ते स्थानकात जात होते, लोक युक्तीचं कौतुक करत होते, आणि आम्ही दोघं गप्प. जेवताना त्यांना माझ्याकडे बघवायचं नाही. बाळाला पाजताना मला बाळाकडे बघवायचं नाही.

संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या, क्षमा मागायच्या दिवशी, घरात माणसांची रीघ. जो येईल तो हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतोय, वर्षभराच्या चुका पोटात घाला म्हणून. रतिलालजी आले, पप्पाजींचे व्यापारातले जुने सोबती. हात जोडले आणि हसले.

"लालचंदजी, तुमची युक्ती एक नंबर. माझ्या नशिराबादच्या गोदामाला काल संध्याकाळीच जाळी ठोकली. एकही मेलं नाही."

पप्पाजींनी माझ्याकडे पाहिलं. आठ दिवस होते आमच्या हातात. एक वाक्य सांगायचं होतं.

"रतिलालजी, माझ्याकडे क्षमा मागू नका," पप्पाजी म्हणाले. "आत पिलं असतात. माझी मेलीत. तिथं शिडी आहे ना?"

"युक्ती माझी होती," मी म्हणाले, सगळ्यांसमोर.

बाळ मांडीवर दूध शोधत होतं. मी त्याला तसंच उपाशी सासूबाईंच्या हातात दिलं, पक्कड घेतली आणि पप्पाजींच्या मागे जिना उतरले. नशिराबाद येईपर्यंत माझा पदर दुधाने भिजला होता.