मोजायची राहिलेली रिंग

मी एक रबराची रिंग बोलतेय. बांगडीएवढी गोल, काळी. मोटारीच्या इंजिनाला ऑइल फिल्टर बसतो ना, त्याच्या तोंडाशी माझी जागा. तेल बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. वर्षभर ते मी इमानेइतबारे केलं. इंजिनाच्या उकाड्याने वाळून कडक झाले, पण थेंब सुटू दिला नाही.

गाडी जुनी, मालक निवृत्त मास्तर. "गॅरेजवाल्यांना काय कळतंय," हे त्यांचं पालुपद. रविवारी त्यांनी स्वतःच फिल्टर बदलला. जुना फिल्टर निघाला, पण मी इंजिनालाच चिकटून राहिले. मास्तरांनी वाकून पाहिलंच नाही. नव्या फिल्टरची नवी रिंग थेट माझ्या उरावर येऊन बसली. रिंगेवर रिंग कधी टिकते का? ती सरकली, मीही सरकले, आणि आमच्या मधून तेल ठिबकायला लागलं.

मला तेव्हाच धडकी भरली. तेल संपलं की इंजिन चालता चालता जाम होतं. मालकीणबाई ऑपरेशन थिएटरात नर्स, रोज याच गाडीने टेकडीचा चढ चढून हॉस्पिटलला जातात. भर चढावर गाडी थांबली आणि मागून ट्रक आला तर? माझ्यापायी त्यांचं काही बरंवाईट झालं तर?

सोमवारी सकाळी फरशीवर ताटाएवढा डाग होता.

"अहो, गळतंय," बाई म्हणाल्या.

"ढिला राहिला असेल जरा." मास्तरांनी होतं नव्हतं ते बळ लावून फिल्टर आवळला. त्याने मी आणखीच वाकडी झाले.

बाईंनी किल्ली फिरवली. तेल दाबाने धावत आलं आणि माझ्या कडेने धार लागली. जाऊ नका, असं ओरडावंसं वाटलं, पण रबराला कुठलं तोंड? फाटकापाशी तेलाचा लाल दिवा लागला, तशी बाईंनी लगेच गाडी बंद केली.

त्या रागावल्या नाहीत. सरळ कचऱ्याच्या डब्यातून जुना फिल्टर काढून त्यांनी उलटा धरला.

"याची रिंग कुठंय?"

"असेल की त्यालाच."

"नाहीये. आमच्याकडे पेशंटचं पोट शिवण्याआधी कापडाचे बोळे मोजतात. एक जरी कमी भरला, तरी टाका पडत नाही. तुम्ही मोजलंत का?"

मास्तरांनी गाडीखाली शिरून फिल्टर सोडवला आणि मला नखाने खरवडून काढलं. दुकानातून दुसरा नवा फिल्टर आणून त्यांनी तो नुसत्या हाताने आवळला, तेल भरलं, खाली कागद पसरून इंजिन चालू ठेवलं. कागद कोरडा राहिला. बाई उशिरा का होईना, निघाल्या.

आता मी किल्ल्यांच्या खिळ्यावर लटकतेय, तडे गेलेली, निकामी. मास्तरांनीच टांगलंय मला, विसर पडू नये म्हणून. बाई निघाल्या की त्या परत येईपर्यंत मला चैन पडत नाही. मास्तरही वर्तमानपत्राचं एकच पान धरून फाटकाकडे बघत बसतात. हॉर्न ऐकू आला की मग पान उलटतं.

नवं बसवण्याआधी जुनं निघालं का, एकदा हात फिरवून बघत जा. मी काही मुद्दाम मागे राहिले नव्हते हो.